कृपया शांतता राखा

माघ सरत आला की आमच्या रानातली ऐनाची झाडं बोडकी दिसायला लागतात आणि माझं डोकं फिरतं. फांद्या उतरवून झाडाचा नुसता खांब उरलेला असतो. खाली पाल्याचे भारे बांधून रचून ठेवलेले असतात. ते वाळले की उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर शेणाबरोबर पसरायचे, वरून माती टाकायची आणि पेटवून द्यायचे. त्या भाजलेल्या जमिनीत पुढे भाताचं रोप धरतं. याला राब म्हणतात. कर्जतपासून खालापूरपर्यंत डोंगराच्या पायथ्याला या दिवसांत सगळीकडे कोयत्याचे आवाज असतात, आणि कुणी घाईने आधीच पेटवला असेल तर धूर. शनिवार-रविवारी मुंबईहून फार्महाऊसवर येणारी मंडळी गाडी थांबवून त्या धुराचे फोटो काढतात. "काय मस्त वास आहे ना गावचा," म्हणतात. मला तो वास सहन होत नाही. मला त्या माणसांचाही राग येतो, आणि त्यांचा यात काडीचा दोष नाही हे कळत असल्यामुळे जरा जास्तच येतो.

राग निवला की मग लिहावं, असं म्हणतात. दोन वर्षं वाट बघितली. निवत नाही. तेव्हा आता तसाच लिहितो.

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत माझा धाकटा भाऊ विलास ऐनावरून पडला. कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवर आमचं गाव. घर एक, चुली दोन. मी कर्जतच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो आणि विलास शेती बघतो. झाडावर चढावं तर त्यानेच. कमरेला कोयता अडकवून तो सरसर वर जायचा आणि वरून मला हाक मारायचा, "दादा, शाळेतून पेन्शन घेतलीस की ये शिकायला." पाय कसा सुटला ते कुणालाच नीट सांगता येत नाही. मी तेव्हा शाळेत दहावीच्या पोरांची प्रात्यक्षिकं घेत होतो. फोन आला तेव्हा हातात लिटमसचा कागद होता.

रानात काय काय झालं ते मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं आणि प्रत्येक तुकड्याला मी नव्याने भडकलो. तो बेशुद्ध पडल्यावर आमच्या शहाण्या माणसांनी त्याचे पाय उचलून पाल्याच्या भाऱ्यावर ठेवले आणि डोकं उताराकडे केलं. का, तर रक्त डोक्याकडे जाऊ दे. नाकाला कांदा लावला. तोंड उघडून पाणी ओतलं. तो ओकला तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं, आतलं बाहेर पडलं म्हणून. मग खाटेवर घालून खाली आणला तोही डोकं पुढे करून, म्हणजे उतारभर डोकं खाली. प्रेमापोटीच केलं सगळं. चारचौघं धापा टाकत, रडत धावत होते. प्रेमाने माणूस मरू शकतो, एवढं मला त्या महिन्यात समजलं.

पनवेलच्या बाजूला एका दवाखान्यात त्याला नेलं. तिथल्या अतिदक्षता विभागात एक मोठ्या सिस्टर होत्या, पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या. त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्ही काय करता?" मी म्हटलं, "शिक्षक आहे, विज्ञानाचा." "मग मेंदू शिकवत असाल." "हो, नववी-दहावीला." "काय शिकवता?"

मी बावीस वर्षं मेंदू शिकवलाय. फळ्यावर रंगीत खडूंनी काढतो. प्रमस्तिष्क पिवळा, अनुमस्तिष्क हिरवा, मस्तिष्कपुच्छ लाल, खाली मेरुरज्जूची पांढरी दोरी. आकृती सुबक काढा, नावं उजव्या बाजूला एकाखाली एक लिहा, रेषा एकमेकींना छेदू देऊ नका. त्या रेषांसाठी मी पोरांचे कान पिळलेत. हे सगळं मी सिस्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणि कवटीत जागा किती असते ते?" ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं, म्हणून मीही कधी सांगितलं नव्हतं.

त्यांनी ते मला उभ्या-उभ्या शिकवलं, सलाईनची बाटली बदलता बदलता. कवटी म्हणजे झाकण न उघडणारा डबा. आत तीनच गोष्टी, मेंदू, रक्त आणि पाणी. डबा काठोकाठ भरलेला. मार लागून मेंदूला सूज आली किंवा रक्त साचलं, तर डबा काही मोठा होत नाही. मग आधी पाणी वाट काढतं, मग रक्त, आणि त्यांचीही हद्द झाली की मेंदूच जागा शोधत खाली सरकतो. खाली जाताना डोळ्याची नस चेपतो, म्हणून त्या डोळ्याची बाहुली मोठी होते. आणखी खाली गेला तर श्वास थांबतो. "पण बाहुली मोठी व्हायची वाट बघायची नसते, सर," त्या म्हणाल्या. "त्याच्या कितीतरी आधी माणूस झोपाळतो. झोप हे पहिलं लक्षण. नातेवाइकांना वाटतं, बरं झालं, शांत झोपला."

त्यांचं हे शेवटचं वाक्य मी शब्दन् शब्द ऐकलं होतं. मान डोलावली होती. मला कुणी सांगितलं नाही, मला माहीत नव्हतं, असली पळवाट मला नाही.

त्या आठ दिवसांत मी काय काय पाहिलं. पलंगाचं डोकं नेहमी उचललेलं, तीस अंश, मला तो कोन नजरेने मोजता यायला लागला. मान अगदी सरळ हवी, म्हणून दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या, कारण मान वाकडी झाली की डोक्यातलं रक्त खाली उतरत नाही. खोकला येऊ द्यायचा नाही, शौचाला जोर करू द्यायचा नाही, घाबरवायचं नाही. त्यानेही आतला दाब वाढतो. शिरेतून एक औषध जायचं, ते मेंदूतलं पाणी ओढून लघवीवाटे बाहेर काढायचं. आणि दर तासाला सिस्टर किंवा त्यांची एखादी पोरगी यायची, डोळ्यात बॅटरी मारायची, नखावर पेनाने दाबायची, दोन्ही हात उचलायला लावायची आणि विचारायची, "नाव काय तुमचं? कुठे आहात? हे कोण?" पहिल्यांदा विलासने माझ्याकडे बघून सांगितलं, "मास्तर हाय. लय मारतो." सगळा वॉर्ड हसला. मीही हसलो आणि बाहेर जाऊन जिन्यात रडलो.

मी एकदा विचारलं, "साधी झोप आणि ही गुंगी ओळखायची कशी?" त्या म्हणाल्या, "उठवून. झोपलेला माणूस उठवला की चिडतो आणि उत्तर देतो. गुंगीतला चिडतही नाही."

आता आमच्या माणसांविषयी. आमच्याकडे कुणी आजारी पडलं की समाचाराला जावं लागतं. जावंसं वाटतं म्हणून नव्हे, जावंच लागतं. नाही गेलं तर पुढच्या लग्नात तोंड फिरवतात. टेंपो भरून चौदा माणसं दवाखान्यात आली. शहाळी, बिस्किटांचे पुडे, कुणाच्या तरी देवाचा अंगारा. पलंगाभोवती कोंडाळं करून प्रत्येकाने विलासच्या तोंडाशी तोंड नेलं आणि एकच प्रश्न विचारला, "मला वळखलंस का रं?" वळखलंस का, वळखलंस का, एकामागून एक. विलास नावं सांगून थकला. सिस्टरांनी येऊन सगळ्यांना हाकललं. मला लाजल्यासारखं झालं. माझीच माणसं, आणि मी त्यांच्याकडे सिस्टरांच्या नजरेने बघत होतो.

नवव्या दिवशी घरी सोडलं. सिस्टरांनी मला बाजूला घेतलं. "अजून पंधरा दिवस धोका आहे. थोडं रक्त आत आहेच, ते वाढू शकतं. दर दोन तासांनी जागं करा, तेच तीन प्रश्न, दोन्ही हात. जरा वेगळं वाटलं की घेऊन या. आणि घरी तो बाजार भरू देऊ नका. सर, तुम्ही शिकलेले आहात म्हणून तुमच्यावर सोपवते." हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात चढलं. सगळ्या सूचनांमधली तेवढीच मी घट्ट धरून ठेवली.

घरी आल्याबरोबर मी शाळेतून कार्डशीट आणलं आणि जाड मार्करने लिहिलं : कृपया शांतता राखा. रुग्णास भेटण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून. कुणाच्या आदेशावरून, ते लिहिलं नाही. ते विलासच्या खोलीच्या दारावर लावलं आणि पडवीत खुर्ची टाकून बसलो. रोज दहा-बारा माणसं यायची. मी उठायचो, कागदाकडे बोट करायचो. "सर, लांबून बगतो." नाही. "पाच मिंटं." नाही. माणसं परत जायची, जाताना सुनंदाकडे, विलासच्या बायकोकडे, बिस्किटांचा पुडा द्यायची आणि माझ्याकडे बघायचीही नाहीत. मला त्यात मजा येत होती, हे आता कबूल करतो. समोरच्या आळीत हळद होती, गाणी लागली, तर मी जाऊन ती बंद करवली. नवरदेवाच्या बापाने हात जोडले, त्या हात जोडण्यात शिवी होती. कोंबड्या ओरडतात म्हणून त्या मागे कोंडल्या. घर असं चिडीचूप झालं की आपलाच श्वास ऐकू यावा.

आलेखाच्या कागदावर मी तक्ता आखला होता. वेळ, नाव, ठिकाण, ओळख, डावा हात, उजवा हात. पहिले दोन दिवस दर दोन तासांनी बरोबर खुणा केल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी विलास खेकसला, "झोपू दे ना रं दादा, भेजा खाऊ नकोस!" आणि मला वाटलं, खरंच, किती छळायचं. मेंदूला विश्रांती हवी. मी विज्ञानाचा शिक्षक, मी ठरवलं. पुढचे रकाने कोरे आहेत. तो तक्ता अजून माझ्या कपाटात आहे. फाडून टाकावा असं रोज वाटतं आणि फाडत नाही.

चौथा दिवस रविवार. सकाळी सातला सुनंदा माझ्याशी बोलायला आली. आमच्याकडे मोठ्या दिरासमोर बाई उंबऱ्याच्या आत उभी राहते, निम्मी दाराआड, आणि खाली बघून बोलते. चाळिशीची बाई, बचतगट चालवते, बँकेच्या साहेबाशी भांडून येते, पण माझ्यासमोर दाराआड. ती म्हणाली, "भावजी, ह्ये पहाटे डोसकं धरून बसलं व्हतं. आता उठवते तर उठत नाय नीट." मी म्हटलं, "झोपू दे. थकलाय." बाराच्या सुमाराला ती पुन्हा आली. "भावजी, जेवलं नाय. दोन घास भरवलं, तोंडातच ऱ्हायलं." मी म्हटलं, "बळजबरी करू नकोस." ती "बरं" म्हणाली आणि आत गेली. तिने तेव्हा माझ्यावर ओरडायला हवं होतं. माझी गचांडी धरायला हवी होती. तिने धरली नाही याचाही मला राग येतो. बघा माझा निर्लज्जपणा. तिला दाराआड उभं करणारा रिवाज मला इतकी वर्षं छान चालला होता.

मधल्या वेळात आत्या आली होती. वडिलांची थोरली बहीण, खालापूरच्या पलीकडे दिलेली. सत्तरी ओलांडलेली बाई दोन रिक्षा बदलून, उन्हातून चालत साडेदहाला पडवीत आली.

"विलूच्या समाचाराला आल्ये."

"आत्या, भेटायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मी काय खानार हाय त्याला?"

"दारावर कागद लावलाय बघ."

"मला वाचाया येत नाय, ह्ये तुला ठाव हाय."

मी तिला कागद वाचून दाखवला. खरंच वाचून दाखवला, शाळेत परिपत्रक वाचतात तसा. ती पडवीच्या कडेला भिंतीला टेकून बसली. सुनंदाने पाणी आणलं तर म्हणाली, "पोराचं त्वांड बगितल्याबिगर पानी नाय पिनार." मला वाटलं, नाटकं. मी दहावीच्या सराव परीक्षेचा गठ्ठा काढला आणि तपासायला बसलो. ती साडेचार तास तिथे बसून होती. मी तिच्याकडे पाहिलंही नाही. पोरांनी मेंदूच्या आकृत्या काढल्या होत्या. एकीची रेषा छेदली होती, मी अर्धा गुण कापला.

तीनला मी मागे हात धुवायला गेलो. परत आलो तर पडवी रिकामी. आत आत्या विलासच्या उशाशी बसलेली, त्याच्या गालावर थोपटत. "विलू. ए विलू. बग की रं बाळा. मला वळखलंस का?" विलासने डोळे उघडले, अर्धेच. बराच वेळ गेला. मग म्हणाला, "आये."

आमची आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. मी म्हटलं, "आत्या, झोपेत आहे तो. ऊठ तिथून."

तिने माझ्याकडे ढुंकून बघितलं नाही. पदरातून आणलेली बोरं सोडली आणि मूठभर त्याच्या उजव्या हातात ठेवली. बोटं मिटली नाहीत. बोरं तळव्यावरून घरंगळली, पलंगावर, पलंगावरून खाली फरशीवर. तिने पुन्हा ठेवली. पुन्हा पडली. मग डाव्या हातात दिली, तो हात मिटला.

"ह्यो झोपला नाय रं," आत्या म्हणाली. "झोपलेलं मानूस बोर धरतंय. ह्यो बुडतोय."

मी मोबाईलची बॅटरी लावून त्याच्या पापण्या उचलल्या. उजवी बाहुली बारीक झाली. डावी झाली नाही. मोठी, काळी, तशीच. आणि पापण्या उचलल्या तरी तो चिडला नाही.

शेजाऱ्याच्या गाडीत घालून निघालो. या वेळी मी सगळं बरोबर केलं. डोकं वर, मान सरळ, दोन्ही बाजूंना टॉवेल. रविवारची दुपार, चौक गावाच्या अलीकडे रस्ता तुंबलेला. शेतघरांवरून परतणाऱ्या गाड्या, टपांवर तरंगायच्या रबरी चकत्या, आत गाणी. मी उतरलो आणि एका गाडीच्या बॉनेटवर दोन्ही हातांनी बुक्क्या मारल्या. आतला अर्ध्या चड्डीतला पोरगा काच खाली करून म्हणाला, "अंकल, रिलॅक्स." मी त्याला काय बोललो ते शिक्षकाने लिहू नये. त्याने गाडी बाजूला घेतली, पुढच्यालाही घ्यायला लावली, स्वतः उतरून वाट करून दिली. त्याच्यावरचा रागही मला नीट टिकवता आला नाही.

दवाखान्यात तरुण डॉक्टर धावत आले. डोळे बघितले, छातीवर चिमटा काढून बघितला आणि स्ट्रेचरबरोबर चालता चालता विचारलं, "किती वेळापासून असं आहे?"

"तासभर झाला असेल," मी म्हणालो.

सुनंदा माझ्या शेजारी होती. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदा, सरळ, डोळ्यांत. सकाळी सातला, बाराला, दोनदा तिने सांगितलं होतं. ती काही बोलली नाही. मोठ्या दिराला चारचौघांत खोटं पाडायचं नसतं, ते त्या घटकेलाही तिने पाळलं, आणि मी ते बिनदिक्कत वापरून घेतलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं, एक तास. मोठ्या सिस्टर तिथेच होत्या. विलासला आत नेल्यावर त्या माझ्याजवळ आल्या आणि हळू म्हणाल्या, "तासाभरात एवढं होत नाही, सर." मी खाली बघितलं. त्या आत गेल्या.

कवटीचं हाड कापून रक्त काढलं. विलास वाचला. उजवा हात कामाचा राहिला नाही, पाय ओढतो, आणि बोलणं. शब्द आत असतो, त्याला दिसतो, पण तोंडात यायला वाट सापडत नाही. भाषेची जागा डाव्या बाजूला असते, हे मी फळ्यावर कितीदा सांगितलं होतं. कधी एक शब्द मागावा तर शेजारचा येतो. मग तो ताट भिरकावतो. पूर्वी झाडावरून सगळ्या रानाला हसवणारा माणूस. सुनंदा शेजारी बसून चित्रं दाखवून त्याच्याकडून एकेक शब्द घोटून घेते. हल्ली ती माझ्याशी दाराबाहेर उभी राहून बोलते, फार कमी बोलते.

मी गावात काय सांगितलं? सांगितलं की दवाखान्याने लवकर घरी पाठवलं. सांगितलं की पहिल्या दिवशी रानात लोकांनी डोकं खाली धरलं, तिथेच घात झाला. दोन्हींत थोडं थोडं खरं होतं, त्यामुळे खपलं. गाव म्हणालं, सरांनी भावासाठी किती केलं, जागचे हलले नाहीत. ते खरं होतं. मी जागचा हललो नव्हतो. एका सत्कारात कुणीतरी हे भाषणात बोललं आणि टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या ऐकताना मला माईक हिसकावून सगळ्यांना मारावंसं वाटलं. मी हात जोडून उभा राहिलो.

आता यातून कुणी खेड्यातल्या अडाणी शहाणपणाचं गाणं गाऊ नये. माझं आत्यावर प्रेम आहे, पण याच माणसांनी त्याच्या नाकाला कांदा लावला होता आणि उतारभर उलटं नेलं होतं. माझा मुद्दा वेगळा आहे, आणि तो मला टोचतो. सिस्टर विचारत होत्या, हे कोण. आमची माणसं विचारत होती, मला वळखलंस का. एकच प्रश्न. एकीने पांढरे कपडे घातले होते म्हणून मी तिला शास्त्र म्हटलं, आणि बाकीच्यांच्या अंगाला शेणाचा वास होता म्हणून मी त्याला बाजार म्हटलं. रोज दहा-बारा माणसं माझ्या भावाची शुद्ध तपासायला पदरमोड करून येत होती आणि मी त्यांना कागद दाखवून परत पाठवत होतो. गर्दी नको हे बरोबर होतं. एकेकाला सोडलं असतं तरी चाललं असतं. पण एकेकाला सोडण्यात रुबाब नव्हता. आणि ज्या एका माणसाने दोन तासांनी विचारायचं होतं, तो बाहेर अर्धा गुण कापत होता.

डॉक्टर म्हणाले होते, काही तास आधी आणलं असतं तर हात कदाचित वाचला असता. कदाचित. या शब्दाचा मला इतका राग येतो की वर्गात पोरांनी वापरला तरी मी अंगावर जातो.

यंदा आमच्या ऐनांवर चढायला बाहेरचा गडी आहे. विलास खाली दगडावर बसून डाव्या हाताने त्याला फांद्या दाखवतो. गेल्या आठवड्यात सकाळी दहाच्या सुमाराला मी तिथे गेलो. गडी पाणी प्यायला ओढ्यावर गेला होता. मी विलासशेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. सात वाजता सुनंदा काय म्हणाली, बारा वाजता काय म्हणाली, तक्त्याचे कोरे रकाने, आत्याचे साडेचार तास, डॉक्टरांना सांगितलेला एक तास. काही गाळलं नाही. शेवटी म्हणालो, "विलास, चुकलो मी. तुझा हात माझ्यामुळे गेला."

तो ऐनाकडे बघत होता. ओठ हलायला लागले. शब्द शोधताना त्याच्या मानेची शीर ताणते, ती ताणली. मी वाट बघितली.

"ठाव... हाय," तो म्हणाला. "सुनंदा... बोलली. कवाच."

मला वाटलं, झालं, एवढंच. त्याने डाव्या हाताने माझा दंड धरला आणि माझ्याकडे तोंड वळवून घेतलं.

"दादा. सांगून... तुला बरं वाटलं?"

दोन वर्षांत पहिल्यांदा माझी छाती हलकी झाली होती. त्याच्याशी आणखी एकदा खोटं बोलणं मला जमलं नाही.

"हो," मी म्हणालो.

"मला नाय," विलास म्हणाला. हे त्याने एका दमात म्हटलं, अडखळला नाही.